लख्वीचं वाणसामान

“महिन्याला ५० हजारांचं हा मेला खातो तरी काय गो?”

काकींनी गडग्यापलीकडून विचारलं, तेव्हा मला वाटलं खालच्या आळीतल्या कुणाच्या तरी मुलाबद्दल चाललंय. काकींच्या बातम्या सहसा खालच्या आळीपुढे जात नाहीत. पण आज त्यांच्या हातात नानांची कात्रणांची फाइल होती. माळा साफ करताना ती खाली आली आणि रद्दीत जायच्या आधी काकींनी वाचायला घेतली. निवृत्त झाल्यावर माणसं अध्यात्माकडे वळतात. आमचे नाना बँकेतून निवृत्त झाले आणि आंतरराष्ट्रीय निर्बंधांकडे वळले.

“कोण खातो, काकी?”

“हा झकीउर रहमान लख्वी. मुंबईवर ती दहा पोरं पाठवली, त्यांचा म्होरक्या. बघ, सगळा हिशेब छापलाय. जेवणाखाणाला ५० हजार, औषधांना ४५ हजार, लाइटबिल-पाणीपट्टीला २० हजार, वकिलाला २० हजार आणि येण्याजाण्याला १५ हजार. झाले दीड लाख. आणि मंजूर कुणी केले, तर संयुक्त राष्ट्रांनी! डिसेंबर २०२० मध्ये.”

“पाकिस्तानी रुपये आहेत ते,” ओटीवरून नानांचा आवाज आला. “आपल्या निम्म्याहून कमी.”

“असू देत. २० हजारांचं लाइटबिल? घरात काय भातगिरण चालवतो?”

आता नाना उठणार हे मी ओळखलं. त्यांच्या विषयात कुणी अर्धवट बोललं की त्यांना ओटीवर बसवत नाही. चष्मा सावरत ते गडग्यापाशी आले.

“अगो, मंजूर केले म्हणजे पदरचे दिले नाहीत. पैसे त्याचेच, पण खातं गोठवलेलं. सव्वीस-अकरानंतर पंधरवड्याच्या आत, १० डिसेंबर २००८ ला, त्याचं आणि लष्कर-ए-तैयबाचा संस्थापक हाफिज सईदचं नाव सुरक्षा परिषदेच्या यादीत गेलं. यादीत नाव गेलं की खाती गोठवायची, परदेशप्रवास बंद करायचा आणि हत्यारं मिळू द्यायची नाहीत. हे सगळ्या देशांना बंधनकारक. पण खातं गोठवलं म्हणून माणसाला उपाशी मारायचं नाही. म्हणून २००२ च्या एका ठरावात पळवाट नव्हे, सोय ठेवलीय. अन्न, औषध, भाडं, वकील एवढ्यापुरते पैसे काढायचे असतील तर त्याच्या सरकारने परिषदेच्या समितीकडे अर्ज करायचा. हाफिज सईदसाठी पाकिस्तानने २०१९ मध्ये केला. कुणी हरकत घेतली नाही. त्यालाही दीड लाखच. लाहोरच्या अभियांत्रिकी विद्यापीठात तो शिकवायचा, त्याचं पेन्शन येत होतं त्या खात्यात.”

“पेन्शन?” काकींनी फाइल गडग्यावर आपटली. “तुम्हाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जावं लागतं. अंगठा उमटत नाही म्हणून ती पोरगी पुन्हापुन्हा बोटं पुसायला लावते. आणि ज्याला धरून देणाऱ्याला अमेरिकेनं १ कोटी डॉलर लावलेत, त्याच्या पेन्शनची एवढी काळजी!”

मग काकी एकदम थांबल्या. त्या थांबल्या की पुढचा प्रश्न नेमका येतो.

“काय हो, खातं २००८ ला गोठवलं आणि अर्ज मंजूर झाला २०२० ला. मधली बारा वर्षं हा जेवला कशावर?”

नाना खूश झाले. “शाखेत असतीस तर तुला तपासनीस केलं असतं. मधली काही वर्षं तो रावळपिंडीच्या अडियाला तुरुंगात होता. तिथे त्याला टीव्ही, मोबाइल, इंटरनेट सगळं होतं, असं बीबीसीने २०१५ मध्ये छापलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जामिनावर बाहेर. म्हणजे खातं कागदावर गोठलेलं, माणूस मात्र मजेत. यादी न्यूयॉर्कात होते गो. पैसा अडायचा तर काउंटरवर अडतो.”

“मग त्या यादीचा उपयोग काय?” मी विचारलं. वाळत घालायचे कपडे तसेच बादलीत राहिले.

“उपयोग आहे. पण ती यादी कुणी आणि कधी केली ते ऐक. ऑक्टोबर १९९९. नैरोबी आणि दार-ए-सलाममधल्या अमेरिकी वकिलातींवर आदल्या वर्षी बॉम्बहल्ले झाले होते. ओसामा बिन लादेनला ताब्यात द्या, म्हणून तालिबानवर निर्बंध घातले. ठराव क्रमांक १२६७. आणि दोनच महिन्यांनी आपलं पळवलेलं विमान कुठे उतरवलं?”

“कंदाहार,” आम्ही दोघी एकदम म्हणालो. तो डिसेंबर कोण विसरेल?

“तिथे प्रवाशांच्या बदल्यात मसूद अझहरला सोडावं लागलं. वर्ष २००० मध्ये त्याने जैश-ए-मोहम्मद काढली. २००१ मध्ये जैश यादीत गेली. आणि मसूद अझहर स्वतः कधी गेला? १ मे २०१९ ला.”

“म्हणजे संस्था गुन्हेगार आणि संस्थापक अठरा वर्षं साव?”

“चीन. समितीत पंधरा देश, एकानेही हात वर केला की प्रस्ताव अडतो. २००९ पासून आपण प्रस्ताव टाकतोय, चीन अडवतोय. पुलवामाच्या हल्ल्यानंतर कुठे त्याने हात खाली घेतला.”

काकींना चीनमध्ये फार रस नव्हता. त्यांना काउंटर हवा होता. “ते काउंटरचं काय म्हणालात मघाशी?”

नानांनी फाइल उलटीसुलटी केली आणि एक पिवळं पडलेलं कात्रण काढलं. २००९ चं.

“हे बघ. सव्वीस-अकराला ती पोरं ताजमध्ये, नरिमन हाउसमध्ये होती, आणि पलीकडून फोनवर त्यांना कोण सांगत होतं, आता हे करा, आता ते करा? ते फोन साधे नव्हते, इंटरनेटवरून फिरवलेले होते. त्या फोनसेवेचे पैसे भरावे लागतात. त्यातले काही इटलीतून भरले गेले. ब्रेशिया नावाचं गाव आहे. तिथे पैसे पाठवायचं एक दुकान, बाप-लेक चालवायचे. हल्ल्याच्या आदल्या दिवशी तिथून २२९ डॉलर गेले. पाठवणाऱ्याचं नाव लिहिलं होतं एका पाकिस्तानी माणसाचं. आणि त्या माणसाने इटलीत कधी पाऊलच ठेवलं नव्हतं. वर्षभराने इटलीच्या पोलिसांनी बाप-लेकाला पकडलं.”

“२२९ डॉलर?” मला खरंच वाटेना. “म्हणजे तेव्हाचे अकरा-बारा हजार रुपये.”

“तेवढेच. आणि हा हल्ला करणारी लष्कर-ए-तैयबा यादीत कधीपासून? मे २००५ पासून! साडेतीन वर्षं यादी होती. पण पावतीवर काय कुणी ‘लष्कर-ए-तैयबा’ लिहून देतं? पावतीवर भलत्याच माणसाचं नाव होतं आणि काउंटरवरच्याने ते घेतलं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला ४ ते ५ लाख डॉलर लागले, असं अमेरिकेच्या चौकशी आयोगाने म्हटलंय. इथे एक फोनबिल. दहशतीला पैसा फार लागत नाही, वेळेवर लागतो.”

“आपल्याकडे असंच झालं असतं,” काकी म्हणाल्या.

“आपल्याकडे उलटं झालं. तो डेव्हिड हेडली, मुंबईत टेहळणी करून गेला तो. त्याला पाकिस्तानात मेजर इक्बाल नावाच्या माणसाने खर्चाला २५ हजार डॉलर दिले होते. ताडदेवला इमिग्रेशनचं ऑफिस थाटलं, देखाव्याला. २०१६ मध्ये त्याने अमेरिकेतून व्हिडिओवर मुंबईच्या कोर्टात साक्ष दिली, त्यात सांगितलं की त्या धंद्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे परवानगी मागितली होती, ती नाकारली गेली. तो दहशतवादी आहे हे तिथल्या बाबूला कुठे ठाऊक होतं? त्याने कागद बघितले असतील, बसले नसतील, ‘नाही’ लिहिलं असेल. हल्ला त्याने थांबला नाही, खरं आहे. पण एक दार तरी बंद झालं.”

इतक्यात कोपऱ्यावरून चाचा आले, हातात बांगड्यांची पिशवी. चाचांनी आयुष्याची कमाई कुवेतला केली, आता मुलगा दोहाला आहे. आमच्या वाडीत आखाताचं राजकारण त्यांच्याकडून कळतं आणि मासळीचे भावही.

“कसल्या याद्या, नाना? ती तुमची यादी आम्हाला चांगली ठाऊक आहे,” ते पिशवी खाली ठेवत म्हणाले. “पोरानं आईच्या ऑपरेशनला पैसे पाठवले. आमच्या बँकेत येऊन अडकले. का? तर माझ्या नावाचा कुणीतरी तुमच्या त्या यादीत आहे म्हणे. अहो, माझ्या नावाचे या खेड तालुक्यात चार तरी निघतील! पासपोर्ट दाखवला, जन्माचा दाखला दाखवला, तेव्हा सुटले. तोवर डॉक्टरला काय यादी दाखवू?”

काकी गप्प. नानाही दोन क्षण गप्प. मग म्हणाले, “चाचा, नाव जुळलं तर थांबायचंच, असं सर्क्युलर असतं. पण जन्मतारीख, पासपोर्ट ताडून तासाभरात सोडायला हवं होतं. बसवून ठेवणं हा आळस झाला.”

“आळसाचा दंड आम्ही का भरायचा?”

“बरोबर आहे. तुमचंच नाही, सोमालियात अख्ख्या देशाचं झालं. अल-बरकात नावाची पैसे पाठवणारी कंपनी होती. तिथे धड बँका नाहीत, परदेशातली पोरं तिच्यामार्फत घरी पैसे पाठवायची. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेने एका फटक्यात तिची खाती गोठवली. पुढे अमेरिकेच्याच आयोगाच्या अभ्यासात तिच्याविरुद्ध धड पुरावा निघाला नाही. तोवर किती घरांची चूल विझली असेल! सौदीचा एक व्यापारी, यासीन कादी, त्याने युरोपच्या न्यायालयात दावा लावला, की मला न विचारता, न ऐकता यादीत घातलं. २००८ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा कुठे सुरक्षा परिषदेला जाग आली आणि पुढच्या वर्षी तक्रार ऐकायला लोकपाल नेमायचं ठरलं.”

“म्हणजे दहा वर्षं तक्रार स्वतंत्रपणे ऐकणारा कुणीच नव्हता?” चाचा हसले. “आणि त्या हाफिज सईदला बघा. बकरी ईदला कातडी गोळा करायचे त्याचे लोक. गरीब माणूस कुर्बानीचं कातडं देतो ते अनाथांसाठी म्हणून. दुकानादुकानात दानपेट्या. २००५ च्या भूकंपात मदतीला सगळ्यांत पुढे हेच. तो पैसा कुठल्या काउंटरवर येतो, नाना? तो तर कुठे दिसतच नाही.”

“म्हणूनच नुसत्या नावांच्या यादीने भागलं नाही,” नाना म्हणाले. आता ते गडग्यावर दोन्ही कोपरं टेकून उभे होते, म्हणजे चहा इथेच लागणार. “त्याला दुसरी यादी लागली. पॅरिसची.”

पॅरिसची यादी म्हणजे एफएटीएफ. १९८९ मध्ये सात श्रीमंत देशांनी काळा पैसा पकडायला काढलेला गट. २००१ नंतर दहशतवादाचा पैसाही त्यांच्याकडे आला. आपण २०१० मध्ये सदस्य झालो. हा गट माणसांची नावं लावत नाही, देशांची लावतो. नानांनी ते काकींना असं समजावलं: पतपेढीच्या दारात थकबाकीदारांचा फलक असतो. नाव लागलं म्हणून कुणी तुरुंगात टाकत नाही. पण दुसऱ्या पतपेढीत कर्ज मागायला गेलीस की तिथला मॅनेजर आधी तो फलक आठवतो.

“पाकिस्तानचं नाव त्या फलकावर, म्हणजे ग्रे लिस्टवर, जून २०१८ मध्ये लागलं. आधीही दोनदा लागून गेलं होतं. या वेळी कामांची यादीच हातात दिली. आधी २७ कलमं, मग २०२१ मध्ये आणखी ७. दानपेट्या आवरा, रोकड नेणारे पकडा, यादीतल्या म्होरक्यांवर खटले भरा आणि शिक्षा लावून दाखवा. दर चार महिन्यांनी तपासणी. परदेशी बँका त्यांच्या बँकांकडे दहा कागद जास्त मागायला लागल्या. आणि मग काय चमत्कार सांगू!”

नाना कात्रणं पत्त्यांसारखी मांडत गेले.

फेब्रुवारी २०२०: हाफिज सईदला साडेपाच वर्षं, दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल. खून केल्याबद्दल नव्हे, पैशाबद्दल. नोव्हेंबरात आणखी शिक्षा. जानेवारी २०२१: आपले लख्वी, ज्यांचं वाणसामान महिन्यापूर्वीच मंजूर झालं होतं, पुन्हा आत. पाच वर्षं, पैशाबद्दलच.

“आणि हा साजिद मीर,” नानांनी शेवटचं कात्रण ठेवलं. “सव्वीस-अकराच्या फोनवर सूचना देणारा. हा मेलाय, असं पाकिस्तान सांगत होतं. २०२२ मध्ये एफएटीएफचा निर्णय जवळ आला आणि मेलेला माणूस कोर्टात उभा राहिला. पंधरा वर्षांची शिक्षा!”

“बाई गं,” काकी म्हणाल्या, “सावित्रीनंतर हेच!”

चाचांना हसू आवरेना. मलाही.

“ज्या लख्वीला नावाच्या यादीने बारा वर्षं काही केलं नाही,” नाना म्हणाले, “त्याला ग्रे लिस्टने आत घातलं. कारण नावाच्या यादीत लख्वीचं खातं अडकलं होतं, ग्रे लिस्टमध्ये सगळ्या देशाची पत.”

“त्यात तिथला साधा माणूसही भरडला असेल,” चाचा म्हणाले. “दुबईतून घरी पैसे पाठवणारा.”

“भरडला. म्हणून हे हत्यार जपून वापरायचं. पण चाललं हे खरं.”

“मग आपल्या गावच्या त्या महात्म्याचं काय?” काकींनी आवाज खाली आणला, जसा मुंबक्याचा विषय निघाला की आमच्या तालुक्यात सगळेच आणतात. दाऊद इब्राहिमचं मूळ गाव मुंबके, खेड तालुक्यातच. बाप मुंबई पोलिसात हवालदार.

“तो २००३ पासून यादीत,” नाना म्हणाले. “यादीत कराचीचे पत्ते आहेत. क्लिफ्टनमध्ये सौदी मशिदीजवळ व्हाइट हाउस, डिफेन्समध्ये घर नंबर ३७, तिसावा रस्ता. ऑगस्ट २०२० मध्ये, ग्रे लिस्टचं भय होतं तेव्हा, पाकिस्तानने स्वतःच्या राजपत्रात ती नावं-पत्ते छापले. बातमी जगभर झाल्यावर म्हणाले, आम्ही फक्त संयुक्त राष्ट्रांची यादी उतरवली, तो इथे आहे असं म्हटलेलं नाही.”

“घर नंबर आहे, रस्ता आहे, मशिदीची खूण आहे,” काकी म्हणाल्या. “आपल्या पोस्टमनला एवढं पुरलं असतं.”

इकडे आपल्या सरकारने तस्करांच्या मालमत्ता जप्त करण्याच्या १९७६ च्या कायद्याखाली, ज्याला सगळे सफेमा म्हणतात, दाऊदच्या घराण्याची मुंबक्याची जमीन लिलावात काढली. ५ जानेवारी २०२४ ला मुंबईत चार तुकड्यांचा लिलाव झाला. दोन तुकड्यांना बोलीच आली नाही. एक मोठा तुकडा सव्वातीन लाखांच्या वर गेला. आणि सगळ्यांत लहान, १७० चौरस मीटरचा, राखीव किंमत १५,४४० रुपये, त्यावर बोली चढली २ कोटी १ लाखावर.

“मला दिली असती तर मी १६ हजारांना घेतली असती,” काकी म्हणाल्या. “दोन कलमं लावली असती.”

“आणि राखणीला कोण बसलं असतं?” चाचांनी विचारलं, त्यावर काकींनी विषय चहाकडे वळवला.

चहा आला. चाचांच्या पिशवीवर मांजर घिरट्या घालायला लागलं होतं, पण कुणी उठेना. मीच विचारलं, “नाना, मग आता पाकिस्तान कुठे आहे? त्या फलकावर?”

“ऑक्टोबर २०२२ मध्ये उतरवला. ३४ कलमं पुरी केल्याचं दाखवलं, पथक जाऊन बघून आलं, नाव पुसलं.” नानांनी कपातला चहा तसाच ठेवला. “२२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला. २६ माणसं. त्यात आपल्या राज्याची सहा, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची.”

कुणी काही बोललं नाही.

“फलकावरून नाव पुसलं म्हणून पहलगाम झालं, असं जोडणं चूक होईल,” नाना पुढे म्हणाले. “पण एफएटीएफनेच त्या जूनमध्ये निवेदन काढून सांगितलं, की असा हल्ला पैशावाचून आणि पैसा फिरवण्याच्या वाटांवाचून होऊच शकत नाही. आणि त्याच्या आधी महिनाभर, ९ मे ला, दोन्हीकडून तोफा चालू असताना, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पाकिस्तानला सुमारे १०० कोटी डॉलरचा हप्ता मंजूर केला. आपण मतदानापासून दूर राहिलो. एका हाताने तपासणी करायची आणि दुसऱ्या हाताने हप्ता द्यायचा. दाब टिकवायचा तर दोन्ही हातांनी टिकवावा लागतो.”

“साजिद मीरचं नाव त्या न्यूयॉर्कच्या यादीत तरी गेलं का?” मी विचारलं.

“आपण आणि अमेरिकेने टाकलं होतं. जून २०२३ मध्ये चीनने अडवलं.”

काकींनी फाइल मिटली आणि नानांच्या हातात दिली. “ही रद्दीत नाही जायची,” म्हणाल्या. नानांच्या संसारातला हा मोठा विजय असावा.

या गप्पांतून मी माझ्यापुरता निवाडा केला आहे. निर्बंधांनी दहशतवाद संपत नाही. ज्याला गमावण्यासारखं काही नाही, त्याचं खातं गोठवून त्याला काही होत नाही. पण ज्या सरकारला जगाच्या बाजारात पत हवी आहे, त्याला ते झोंबतात, आणि झोंबतात तोवरच काम होतं. दाब सुटला की कागद उरतात. आणि यादी करणाऱ्याने चुकून धरलेल्या माणसाला तासाभरात सोडलं नाही, तर चाचांसारखा सरळ माणूसच आधी भरडला जातो. तक्रार ऐकणारा माणूस नसेल तर ती यादी अर्धीच.

राहिलं तुमचं-आमचं काम. ब्रेशियाच्या काउंटरवर २२९ डॉलर गेले ते दुसऱ्याच्या नावावर. तेव्हा ओळखीतल्या कुणी म्हटलं, “दोन दिवस तुझं खातं वापरू दे, थोडं कमिशन देतो,” किंवा “तुझं आधारकार्ड दे जरा, सिम घ्यायचंय,” तर नातं कितीही जवळचं असो, नाही म्हणा. दानपेटीत टाकण्याआधी ती कुणाची आहे ते विचारा. आणि बँकेतल्या पोरीने तीच कागदपत्रं पुन्हा मागितली तर रागावू नका. मात्र पैसे विनाकारण अडकवले तर शाखाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, आणि महिनाभरात उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तो हक्क तुमचा आहे.